पायरीची कोनशिला

मित्रांनो, मी एक जुनी पायरी आहे. काळ्या दगडाची, दोन हात लांब आणि हातभर रुंद. निदान घडवली गेले तेव्हा तरी तेवढी होते. आजचं माप विचारू नका, ते सांगायला मला लाज वाटते, आणि लाज माझी नाही.

मोताळा तालुक्यात, धामणगाव बढ्याच्या अलीकडे एक लहानसं गाव आहे. त्या गावाच्या खाणीत माझा जन्म झाला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं माणसं म्हणतात. मी घाव पुष्कळ सोसले. देवपण काही आलं नाही, देवाच्या दारात पडून राहणं तेवढं आलं. पण खरं सांगते, मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही.

गावातल्या ख्रिस्ती मंडळींनी गल्लीच्या टोकाला देऊळ बांधलं होतं. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर आणि दारात मी. मला खाणीतून बैलगाडीत घालून आणलं ते तुळशीरामच्या बापानं, आणि दाराशी बसवलं ते रामरावानं. ते दोघंही आता नाहीत. रामरावाची बायको गोजरबाई मात्र आहे. तुळशीराम हा तिचा धाकटा भाऊ आणि दीपक हा तिचा मुलगा. म्हणजे दोघं मामा-भाचे. एवढं नातं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा तमाशा याच मामा-भाच्यांचा आहे.

माझ्यासमोर चपला काढून मंडळी आत जात. ज्याच्या पायात चपलाच नसत, तोही माझ्यावर क्षणभर थांबून पाय झटकायचा आणि मग आत सतरंजीवर सगळ्यांच्या बरोबरीनं बसायचा. नवरी सासरी निघाली की माझ्यावर उभी राहून रडायची. लहान पोरांना लांबलचक प्रार्थनेचा कंटाळा आला की ती बाहेर येऊन माझ्यावर चिंचोके खेळायची. इतके पाय पडले की मधोमध मला खळगा पडला. दर शनिवारी संध्याकाळी गोजरबाई राख आणि काथ्या घेऊन यायची, मला घासूनपुसून लख्ख करायची आणि म्हणायची, "उद्या रविवार हाय बाई. तोंड धुऊन घे." माझ्याशी असं बोलणारी तीच एकटी. बुलढाण्याहून महिन्यातून एकदा येणारे पाळकसाहेब एकदा म्हणाले होते, की या देवळात सगळ्यात नम्र कोण असेल तर ती पायरी. मला फार बरं वाटलं होतं. माणसांना त्यातून काही शिकावंसं वाटलं नाही, हे मला पुढे कळलं.

कवेलू फुटू लागले, भिंती भिजू लागल्या, तेव्हा नवं देऊळ बांधायचं ठरलं. दीपक शाळेत मास्तर होता, बोलण्यात हुशार. तोच इमारत कमिटीचा अध्यक्ष झाला. सभेत तो म्हणाला, "इथं गल्लीत आपलं देऊळ कोनाले दिसते? रोडवर पाह्यजे. बसमधून जानाऱ्यानं मान वळवून पाह्यलं पाह्यजे."

"देवाले दिसते ना बापा," गोजरबाई मागून म्हणाली. सगळे हसले. म्हातारी माणसं काही बोलली की हसून मोकळं व्हायचं, ही गावाची रीतच आहे.

पण रोडवरची जागा आणायची कुठून? तेव्हा तुळशीराम उठला. तो तसा कमी बोलणारा, कापूस पिकवणारा माणूस. म्हणाला, "माह्यी रोडची पट्टी घ्या. माह्या बहिणीच्या डोळ्यादेखत देऊळ उभं राहू द्या." गोजरबाईनं पदर डोळ्यांना लावला. घरी जाताना माझ्यावर टेकली आणि शेजारणीला म्हणाली, "जागा माह्या भावाची, मेहनत माह्या लेकाची. आता नव्या देवळात दोघायले एका सतरंजीवर बसलेलं पाह्यलं की माह्यं झालं. मंग देवानं खुशाल बोलवावं."

मित्रांनो, तिला यापलीकडे काहीच नको होतं. एवढं मोठं देऊळ बांधणाऱ्यांना एवढी लहान गोष्ट जमली नाही.

आधी घाई नडली. नव्या देवळाला जुने वासे आणि कवेलू कामी येतील म्हणून जुनं देऊळ उतरवलं. नव्याची एक वीटही रचलेली नव्हती. "पावसाळ्यापुरतं मांडवात भागवू," असं सगळे एकमेकांना सांगत होते. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, की जुन्या पायरीचीच नव्या देवळाची कोनशिला करू. टाळ्या पडल्या. मीही हुरळले. पायऱ्यांनी आपली पायरी ओळखून राहावं, हे मीच विसरले.

गुलाम रसूल हा पंचक्रोशीत दगडावर नावं कोरणारा. कबरीचे दगड, विहिरीच्या पाट्या, दुकानांच्या पाट्या, सगळं त्याच्याच हातचं. त्यानं मला पालथं घातलं. खळग्याची बाजू मागे गेली, सपाट बाजू पुढे आली. दीपक रोज येऊन आणखी एक नाव सांगायचा. गुलाम रसूल शेवटी म्हणाला, "गुरुजी, दगड तेवढाच हाय अन् नावं वाढूनच राह्यली. देवाचं नाव कुठं घेता?"

"मधात घ्या," दीपक म्हणाला.

झालं असं, की सर्वांत वर अध्यक्ष म्हणून दीपक, त्याच्या पदव्यांसकट. खाली कमिटी. मधोमध 'देवाच्या गौरवार्थ'. त्याखाली पाहुणे. आणि अगदी तळाशी, 'जागा देणारे : तुळशीराम'. यात दीपकच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. पंगतीत पाहुण्यांना आधी वाढतात, घरचा माणूस शेवटी बसतो. मामा घरचाच. त्याला शेवटी बसवलं तर बिघडलं काय, असं त्याला वाटलं. पण पंगतीत शेवटी बसणाऱ्याच्या पानात निदान भाकरी तरी पडते.

कोनशिलेचा दिवस उजाडला. शंकरराव गवंडी सकाळीच आला. माझ्यावर आधीच फडकं बांधलेलं होतं, कारण पडदा पाहुण्यांच्या हातून निघायचा होता. शंकररावानं दगड पक्का बसावा म्हणून मला चार बोटं सिमेंटमध्ये रोवलं. फडक्याखाली काय लिहिलंय ते त्यानं पाहिलं नाही, कोणीच पाहिलं नाही. गाणी झाली, प्रार्थना झाली, पडदा निघाला. तुळशीराम नवा सदरा घालून पुढे आला. चष्मा लावून वाकला आणि वरून एकेक ओळ बोटानं वाचत खाली आला. शेवटी त्याचं बोट ओल्या सिमेंटात गेलं.

तो तसाच वाकून राहिला. मग उभा राहिला आणि म्हणाला, "मी जित्ता हाव ना? मंग माह्यं नाव मातीत काऊन गाडलं?"

त्या क्षणी दीपकनं नुसतं "मामा, चुकलं" म्हटलं असतं, तर आज मी तुम्हाला वेगळी गोष्ट सांगितली असती. शंकरराव तर थापी घेऊन सिमेंट खरवडायला धावलाच होता. पण चार पाहुणे समोर होते, आणि माणसाला पाहुण्यांपुढे चूक कबूल करणं जिवावर येतं. दीपक हसला आणि मोठ्यानं म्हणाला, "मामा, जागा देवासाठी देली का नावासाठी?"

ज्याची स्वतःची पदवी माझ्या कपाळावर कोरलेली होती, त्यानं हे विचारावं! मला तोंड असतं तर मी तिथंच बोलले असते.

"जागा अजून माह्याच नावावर हाय," तुळशीराम म्हणाला. "उचला तुमचा गोटा."

त्या दिवसापासून मंडळीचे दोन भाग झाले. दीपकची माणसं त्याच्या अंगणात उपासना करू लागली, तुळशीरामची त्याच्या कापसाच्या शेडमध्ये. दोन्हीकडे भोंगे लागले. एकीकडे प्रार्थना सुरू झाली की दुसरीकडे मुद्दाम गाणं चढायचं. एकमेकांना रस्त्यात सलाम करणं बंद झालं. जुन्या देवळाचे कवेलू ढिगात पडून फुटले, वाशांना वाळवी लागली. आणि भांडण उरलं माझ्यावरून. "जिथं पायरी तिथं देऊळ," असं दोन्हीकडचे म्हणू लागले. आपल्या बापानं आणली म्हणून तुळशीराम मला मागायचा, आपल्या बापानं बसवली म्हणून दीपक. पाळकसाहेबांनी पुष्कळ समजावलं. शेवटी तेही थकले आणि म्हणाले, "तुमचं तुम्हीच ठरवा."

त्यांनी ठरवलं. मला कापायचं आणि अर्धं अर्धं न्यायचं.

गुलाम रसूल कटर मशीन घेऊन आला, तेव्हा दोन्ही बाजूंची माणसं दोन्ही बाजूंना उभी होती. गोजरबाई मधे आली. कोणाला धक्का देत नाही, ओरडत नाही, फक्त हात जोडलेले. "तुळशीराम, तू ने. सगळी ने. दीपक, जाऊ दे त्याले. मले काई नको, पन फोडू नका रे."

"आई, तू कोनाच्या बाजूनं हाय?" दीपक म्हणाला.

"बाई, मले दान नको," तुळशीराम म्हणाला. "मले वाटा पाह्यजे."

आयुष्यभरात मामा-भाच्यांचं एवढं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं.

गुलाम रसूलनं मशीन खाली ठेवलं. "भाऊ, म्या लई दगड कापले. पन जोडाचं काम मले येत नाही. अजून एकदा इचार करा."

"काप," दोघंही म्हणाले.

आडवी कापायची ठरली, म्हणजे दीपकचं नाव दीपककडे आणि तुळशीरामचं तुळशीरामकडे. बरोबर मध्यावर पातं लावलं. मध्यावर कोणती ओळ आहे ते तेव्हाही कोणी पाहिलं नाही. 'देवाच्या गौरवार्थ' या ओळीतून पातं आरपार गेलं. अक्षरांची डोकी एका तुकड्याला गेली, पाय दुसऱ्याला. गोजरबाई तिथंच खाली बसली. तिच्या केसांवर माझी पांढरी भुकटी उडत होती आणि ती झटकायचं भान तिला नव्हतं.

मित्रांनो, आता तुमच्याशी बोलते आहे तो वरचा तुकडा. मी दीपकच्या अंगणात आहे. खालचा तुकडा तुळशीरामच्या शेडपुढे आहे, तो काय सांगत असेल मला माहीत नाही. नवं देऊळ अजून झालेलं नाही. रोडवरच्या पट्टीत तुळशीरामनं पुन्हा कापूस लावला आहे, आणि बसमधून जाणाऱ्याला तोच दिसतो.

गोजरबाई याच घरात राहते. रोज माझ्यावरून जाते, पण माझ्यावर पाय ठेवत नाही, ओलांडून जाते. शनिवारी राख घेऊनही येत नाही. मी तिला दोष देत नाही. गेल्या रविवारी अंगणात भोंगा सुरू झाला, तशी ती पांढरं लुगडं नेसून, काठी घेऊन बाहेर निघाली.

"आई, उपासना सुरू होऊन राह्यली. कुठं चालली?" दीपकनं विचारलं.

"देवळात."

"मंग हे काय हाय?"

तिनं अंगणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती गल्लीला लागली. भावाच्या शेडकडेही ती गेली नाही. तिकडचा रस्ता उजवीकडे आहे आणि ती डावीकडे वळली, जिथं गल्लीच्या टोकाला जुनं देऊळ होतं.

मित्रांनो, तुमच्या गावातही कोणी नवं देऊळ, नवी मशीद, नवी शाळा बांधायला निघालं असेल. बांधू द्या, पण बांधणाऱ्यांना आपसात नीट सांभाळून राहायला सांगा. भिंतीला तडा गेला तर गवंडी तो बुजवतो, माणसांत गेला तर गवंडी मिळत नाही. आणि आमच्या गावात कधी आलात, रविवारी सकाळी पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी काठी टेकत तुम्हाला भेटली, देऊळ कुठं आहे असं विचारू लागली, तर कृपा करून तिला माझ्याकडे पाठवू नका. इथं देऊळ नाही.