दोन महिन्यांचं तेल

आमच्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात पान एकतीसवर एक ओळ आहे. "१९६७ साली मो शिक्षकांनी जुन्या पाठशाळेचा शिलालेख सिमेंट ओतून नष्ट केला." पुस्तक १९८५ चं. यंदा शाळेला एकशेवीस वर्षं होतायत म्हणून नवी आवृत्ती काढायची ठरली, आणि टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेच्या छपाईच्या खोलीत असतो. प्रश्नपत्रिका छापतो, रबरी शिक्के कोरतो. कुणी शिकवलं नाही, बघून बघून जमलं.

तिसाव्या पानावर होतो तेव्हा मो सर आले. वय ब्याऐंशी. इतिहास शिकवायचे. मला नाही, माझ्या वडलांना. हातात झाकणाची चहाची बाटली, तळाशी चार बोटं पानं.

"शियांग, कुठवर आलास?"

"तीसवर, सर."

"म्हणजे उद्या माझी पाळी."

ते समोरच्या कागदाच्या गठ्ठ्यावर बसले.

"ती ओळ बदल. मी नष्ट नाही केला, लपवला. वाचवला म्हण हवं तर. चाळीस वर्षं सांगतोय."

"मग तेव्हा असं का लिहिलं त्यांनी?"

"तीन जणांनी मला सिमेंट ओतताना बघितलं होतं ना. खोटं कुठे बोलले ते? ओतलंच होतं मी."

मग त्यांनी सांगितलं. त्या वर्षी क्रांतीच्या नावाखाली दंडावर लाल पट्ट्या बांधलेली पोरं हातोडे घेऊन जुनं दिसेल ते फोडत होती. फाटकावरचे दगडी सिंह गेले होते. आता शिलालेखाची पाळी होती. मो सर चोवीस वर्षांचे, नोकरीला दुसरं वर्ष. ते पोरांना म्हणाले, फोडून काय मिळणार? आडवा टाकू, वर सिमेंट ओतू, टेबल टेनिस खेळू. पोरांना पटलं. सोळा जणांनी दगड स्वतः उचलून वसतिगृहामागे नेला, विटांच्या पायांवर ठेवला.

"त्यातले दोघं पुढे तालुक्यात जिंकले," सर म्हणाले. "त्याच टेबलावर शिकले."

ते टेबल अजून आहे. मीही त्यावर खेळलोय. नेहमीच्या टेबलापेक्षा हातभर लहान, आणि डाव्या कोपऱ्यात चेंडू मेल्यासारखा पडतो. मो सरांनी प्रत्येक मुख्याध्यापकाला सांगितलं की दगड त्याच्या पोटात आहे. प्रत्येक जण हो हो म्हणाला. टेबल फोडायला कुणी तयार नव्हतं. शाळेत कधीच न दिसणाऱ्या गोष्टीला "मो सरांचा दगड" म्हणायची पद्धतच पडली होती. कुणी उद्या पैसे देतो म्हणाला की समोरचा म्हणायचा, हो, मो सरांच्या दगडाखाली ठेव.

मी म्हटलं, "सर, ओळ बदलणं माझ्या हातात नाही. छिन मॅडमना विचारावं लागेल."

"चल मग."

छिन मॅडम आमच्या मुख्याध्यापिका. तीन वर्षांपूर्वी शहरातून आल्या. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. नदीपलीकडची दोन नंबर शाळा स्वतःची स्थापना १९०३ ची सांगते. आपलं नाव एक नंबर शाळा, आणि आपण १९०५ चे. बैठकीला गेलं की पलीकडचे मुख्याध्यापक मॅडमना "या, धाकट्या बहिणाबाई" म्हणायचे.

मो सरांचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्या दगडावर साल आहे?"

"आहे की. ताओक्वांग बादशहाचं चौदावं वर्ष. म्हणजे १८३४. पाठशाळा तेव्हाची, आणि शाळा त्याच जागेवर."

"१८३४." मॅडम खिडकीबाहेर नदीकडे बघत राहिल्या. "तुम्ही स्वतः वाचलंय?"

"रोज वाचायचो. फाटकातून आत आलं की समोरच होता."

"टेबल फोडू. दगड नीट निघाला तर तुमची ओळ बदलू. नाही निघाला तर जे छापलंय ते राहील. मी पुराव्यावर चालते, मो सर."

"तेच म्हणतोय मी," सर म्हणाले.

अडचण वेळेची होती. बारावीच्या परीक्षेला त्रेचाळीस दिवस, तसा फलक फाटकावर लागलेला. वर्ग चालू असताना यंत्र लावायचं नाही. दुपारी सगळी शाळा झोपते, तेव्हा तर नाहीच. संध्याकाळी पोरं वाचत बसतात. उरली सकाळच्या कवायतीची पंचवीस मिनिटं. तेव्हा दोन हजार पोरं मैदानावर असतात आणि भोंग्यांवरच्या संगीतापुढे यंत्राचा आवाज काय ऐकू येणार? मॅडमनी रोज तेवढाच वेळ दिला.

कामाला लुओ मिस्त्री. वसतिगृहाचे नळ, फरश्या, सगळं तोच बघतो. त्याने सिमेंटचे आडवे-उभे काप करून एकेक तुकडा पहारीने उचलायचं ठरवलं. सुरुवात उजवीकडून.

पहिल्या दिवशी मो सर सकाळी सहापासून तिथे बसले होते. संगीत सुरू झालं. यंत्र लागलं, पांढरी धूळ उडाली. अठराव्या मिनिटाला पहिला तुकडा सुटला. खाली लाल वाळूचा दगड, त्यावर अक्षरांच्या दोन उभ्या ओळी. स्वच्छ. काल कोरल्यासारख्या. दगड तेवढ्या भागात काळपट, तुकतुकीत होता.

लुओ मिस्त्रीने बोट फिरवलं. "याला काय लावलंय? चिकट होतं की काय आधी?"

"तेल," सर म्हणाले. "सिमेंट धरू नये म्हणून, ओतायच्या आदल्या रात्री लावलं. मोहरीचं."

"अख्ख्या दगडाला?"

सर बाटलीचं झाकण लावत म्हणाले, "जेवढं होतं तेवढं."

दुसऱ्या दिवशी मधला भाग निघाला. तोही जवळजवळ बरा. कडेला दोन-तीन अक्षरं खरवडली. पण तेलाचा डाग तिथे संपत होता. हात फिरवावा तसा, वेडावाकडा. तो डाग बघून मला अंदाज आला. लुओ मिस्त्रीलाही आला असावा, कारण तो परत परत डाव्या कोपऱ्याकडे बघत होता. आमच्याकडे शिलालेख उजवीकडून डावीकडे वाचतात, आणि साल कोरलेलं असतं शेवटी. म्हणजे अगदी डावीकडे. चेंडू मरायचा त्या कोपऱ्यात.

तिसऱ्या दिवशी छिन मॅडम कॅमेरावाल्याला घेऊन आल्या. मो काकूही आल्या, हातात भाजीची पिशवी. बाजारातून परस्पर. चाळीस वर्षं हे एवढं काय चाललंय ते एकदा बघते म्हणाल्या.

लुओ मिस्त्रीने डावीकडचा तुकडा अगदी हळू उचलला. तुकडा आला. त्याच्याबरोबर दगडाचा अख्खा पापुद्राही आला. खाली उरला नुसता गुलाबी खडबडीत दगड. एकही अक्षर नाही.

मैदानावर संगीत चालू होतं. एक, दोन, तीन, चार.

मग कॅमेरावाल्याने विचारलं, "मॅडम, हे घेऊ का?"

"थांब जरा," मॅडम म्हणाल्या.

मो सर वाकून बघत होते. गुडघ्यावर हात ठेवून, बराच वेळ. मग सरळ झाले आणि म्हणाले, "तीन जण बरोबर होते म्हणायचे."

"तेल कमी पडलं, सर," लुओ मिस्त्री म्हणाला.

"कसलं तेल?" काकूंनी विचारलं.

मीच सांगितलं. सरांनी दगडाला तेल लावलं होतं, सिमेंट चिकटू नये म्हणून. इथवर पुरलं, पुढे संपलं.

काकूंनी पिशवी खाली ठेवली. "१९६७? शरद ऋतूत?"

सर दुसरीकडे बघायला लागले.

"अहो मास्तर, तुम्हाला विचारतेय! तेव्हा तेल कुपनावर होतं. माणशी महिन्याला एक वाटी. तुम्ही मला सांगितलंत रांगेत कुपनं हरवली! दोघांची, दोन महिन्यांची! मी पोटुशी होते. दोन महिने पाण्यात उकडलेली कोबी खाल्ली मी. तुमच्या आईचे टोमणे ऐकले, की सुनेला कुपनं सांभाळता येत नाहीत!"

"मी हरवली म्हटलं होतं. तू हरवलीस असं नव्हतो म्हणालो."

"मग आईंना ते का नाही सांगितलंत?"

"तिला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. मग काय दगड राहिला असता, की मी?"

काकू त्या काळपट भागाकडे गेल्या. नखाने खरवडून वास घेतला. अठ्ठावन्न वर्षांनी कसला वास येणार. "दगडाला चार वाट्या," त्या म्हणाल्या. "आणि मला कोबी." पण बसल्या त्या सरांच्या शेजारीच.

संगीत थांबलं. मॅडमनी घड्याळ बघितलं. "बंद करा आता. मो सर, वाईट वाटतंय मला. पण साल नाही आणि दगडही…" वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

लुओ मिस्त्री मलबा हातगाडीत भरायला लागला. डावीकडचा तुकडा उचलताना त्याने तो उलटा केला. पापुद्र्याचा लाल भुगा गळत होता, आणि त्यातून काहीतरी वर आलेलं दिसलं. मी रबरी शिक्के कोरतो. उलटं अक्षर मला सुलट्याआधी दिसतं.

"मिस्त्री, थांब. टाकू नको तो."

सिमेंट ओतलं तेव्हा ते कोरलेल्या खाचांत शिरलं होतं. दगडाचा पापुद्रा सिमेंटला चिकटून आला होता, आणि तो भुसभुशीत होता. नळाखाली धरून दात घासायच्या ब्रशने घासला तसा तो वाहून गेला. मागे सिमेंटची उठावदार अक्षरं राहिली. सगळी उलटी. शिक्क्यावर असतात तशी.

पुढचं काम छपाईच्या खोलीत झालं. रोलरने काळी शाई फिरवली, पातळ कागद ठेवला, कापडाच्या बोळ्याने दाबत गेलो. दुसरा तास चालू झाला होता, तरी मॅडम दारात उभ्या होत्या. कागद उचलला. एक कोपरा फाटका, बाकी वाचता येत होतं. ताओक्वांग, चौदावं वर्ष, शरद, शुभ दिवस.

मॅडमनी लगेच फोन काढला आणि कागदाचा फोटो कुणाला तरी पाठवला. मला वाटतं नदीपलीकडेच. मग मो सरांना म्हणाल्या, "तुमची ओळ बदलूया. 'मो शिक्षकांनी प्राणपणाने शिलालेख वाचवला.' चालेल? मी एकशेवीस वर्षांच्या समारंभातल्या भाषणातही घेते."

एवढी वर्षं ज्यासाठी थांबले, ते समोर आलं होतं. सर कागदाकडे बघत होते.

"नको," ते म्हणाले.

"का हो?" काकूच म्हणाल्या.

"अर्धा वाचला. अर्धा मीच खाल्ला. आणि शेवट वाचला तो माझ्यामुळे नाही, तेल संपलं म्हणून. तेल पुरलं असतं तर सिमेंट नुसतं सुटून आलं असतं…" ते थांबले. "नाही, तेल पुरलं असतं तर दगडच वाचला असता. माझाच गोंधळ होतोय. शियांग, तू लिही. काय घडलं तेवढंच लिही."

मी संगणकासमोर बसलो. पान एकतीस उघडलं. सरांनी सांगितलं तसं टाइप केलं: "१९६७ साली मो शिक्षकांनी शिलालेखाला तेल लावून वर सिमेंट ओतलं. तेल उजव्या बाजूला पुरलं. डाव्या बाजूची अक्षरं आता सिमेंटवर आहेत."

"तेल कुणाचं ते लिही," काकू म्हणाल्या.

मी सरांकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली.

मी "तेल" च्या आधी लिहिलं, "पत्नीच्या आणि स्वतःच्या दोन महिन्यांच्या कुपनांचं." वाक्य लांब झालं, पण मॅडमनी काही म्हटलं नाही.

तो सिमेंटचा तुकडा आता इतिहासाच्या खोलीत काचेत आहे, अक्षरं सुलट वाचता यावीत म्हणून समोर एक आरसा लावलाय. उजवीकडचा आणि मधला दगड कापून त्याच्या शेजारी ठेवला. डावीकडचा कोरा भाग लुओ मिस्त्रीने घासून सपाट केला, त्याला नवा सिमेंटचा तुकडा जोडला आणि परत विटांवर बसवला, कारण पोरं रोज टेबल मागत होती. चेंडू आता सगळीकडे नीट उडतो. मो सर कधी कधी दुपारी तिथे येऊन बसतात. पोरं त्यांना गुण मोजायला लावतात.