बँडमास्तरांची बाही

धाकटीने कुत्र्याचं पिल्लू घरात आणलं तेव्हा ताई कापड बेतत होती, म्हणून पिल्लू वाचलं. हातात मोठी कात्री असली की ताई तोंडातून शब्द काढत नाही. तिने कात्री खाली ठेवेपर्यंत पिल्लू टेबलाखालच्या चिंध्यांत शिरून गाढ झोपलंसुद्धा. झोपलेल्या जिवाला हाकलून देणं ताईच्या स्वभावात नव्हतं. धाकटीला तिने हाकललं असतं, पण घर दोघींचं होतं आणि पुढच्या खोलीतलं शिलाईचं दुकानही.

"हे कुठून उचललंस?"

"प्राण्यांच्या निवाऱ्यातून. रस्त्यावर सापडलं होतं गं बिचारं. कानाला काळं ठिगळ आहे बघ. मी त्याला रफू म्हणते."

"बारसंही उरकलंस? आणि आजोबांना विचारलंस का?"

आजोबा म्हणजे ताईचा म्हातारा कुत्रा. गल्लीतली पोरं त्याला आजोबा म्हणू लागली आणि मग घरातही अहो-जाहो सुरू झालं. आजोबा खिडकीखालच्या गादीवर पडून असत. पायरी उतरायची तर एकीने पुढून धरायचं, दुसरीने मागून उचलायचं. वाटीतलं अर्धं जेवण तसंच राही. डॉक्टरांनी सगळं तपासून "वय झालंय" एवढंच सांगितलं होतं. तेव्हापासून ताई शिवताना सारखी मान वळवून गादीकडे बघायची, आणि धाकटी ताईकडे. आजोबा गेले तर ताईचं कसं होणार, याचीच धाकटीला काळजी होती. पिल्लू आणलं ते त्यासाठीच, पण हे ताईला सांगायची तिची छाती नव्हती.

"रविवारी निवाऱ्यातल्या बाई बघायला येणार आहेत," ती म्हणाली. "जमलं तर ठेवायचं, नाहीतर त्या घेऊन जातील."

"आजोबांना त्रास झाला किंवा दुकानातली एक चिंधी जरी फाटली, तरी ते परत जाणार. आधीच सांगून ठेवते."

दुसऱ्याच दिवशी मोजपट्टी गायब झाली. सापडली ती रफूच्या टोपलीत. मग टाचण्यांची उशी, मग ताईचा चष्मा, मग शेजारच्या मास्तरीणबाईंच्या झंपरचा गळा. शोधाशोध झाली की सगळं त्या टोपलीतच निघायचं. रफू प्रत्येक वेळी शेपटी हलवत पुढे यायचा, जणू त्याला कोणी बक्षीसच द्यायला आलं होतं. गुन्हेगाराने इतकं खूश असू नये, असं धाकटीला राहून राहून वाटे. आजोबा गादीवरून एक डोळा किलकिला करत आणि दुःखाने सुस्कारा सोडत.

"बघ, म्हाताऱ्या जिवाला किती मनस्ताप!" ताई म्हणे.

गुरुवारी बँडमास्तरांच्या लाल कोटाची उजवी बाही नाहीशी झाली. शुक्रवारी ट्रायल होती आणि या वेळी टोपलीतही काही नव्हतं. ताईचा पारा चढला. तिने उरलेलं कापड ओढलं आणि तणतणत नवी बाही बेतली. रागाच्या भरात कापडाची सुलटी बाजू कुठली, हे बघायचं राहिलं. तोंडाने रफूचा उद्धार चालू असताना तिने मशीन चालवली आणि कोट इस्त्री करून टांगला.

तो अंगात घालून बँडमास्तर आरशासमोर उभे राहिले आणि सवयीने त्यांनी दोन्ही हात उचलले. डावा हात ऐटीत वर गेला. उजवा कोपरातून भलतीकडेच वळला आणि तिथेच अडकला.

"बाई," ते हळूच म्हणाले, "माझे दोन्ही हात डावे आहेत का हो?"

इतक्या वर्षांत ताईच्या हातून असं कधी झालं नव्हतं. तिने कानाच्या पाळीपर्यंत लाल होत माफी मागितली आणि बँडमास्तर जाताच खुर्चीत मटकन बसली.

"झालं. रविवारी ते पिल्लू जाणार म्हणजे जाणार."

"कापड उलटं तू धरलंस."

"कुणामुळे धरलं?"

धाकटीला हा सूर चांगलाच ओळखीचा होता. लहानपणी घरात काहीही फुटलं की खापर तिच्याच डोक्यावर फुटायचं. आईची परदेशी कात्री दगडावर पडून वाकली, तेव्हा तर ती घरातही नव्हती. तरी मार तिनेच खाल्ला होता.

"ताई, तो टीचभर जीव त्या टेबलावर चढेल तरी कसा? मला एक दुपार दे. काही निघालं नाही, तर मी स्वतः त्याला सोडून येईन." ही अट धाकटीनेच घातली, म्हणूनच ताई तयार झाली.

शनिवारी दुपारी कोटाची पुन्हा नव्याने बेतलेली उजवी बाही टेबलाच्या कडेला ठेवून दोघी मोठ्याने "बाजारात जाऊन येतो" म्हणाल्या. दार आतूनच आपटलं आणि त्या ट्रायलच्या पडद्यामागे शिरल्या. ती जागा एका सडपातळ गिऱ्हाइकापुरती होती. या दोघी काही सडपातळ नव्हत्या.

"पोट आत घे," ताई कुजबुजली.

"घेतलंय. हे तुझं आहे."

रफू टोपलीत चारी पाय वर करून घोरत होता. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग खिडकीखालची गादी हलली. आजोबा उठले. कण्हणं नाही, कुंथणं नाही. कान टवकारून त्यांनी कानोसा घेतला, टेबलाशी येऊन दोन पाय वर टेकवले आणि बाही अलगद दातांत धरली. झोपलेल्या रफूला वळसा घालून त्यांनी ती टोपलीत सरकवली, वरून नाकाने चिंधी सारखी केली आणि परत येऊन गादीवर अंग टाकलं. मग, त्यांच्या मते बघणारं कोणी नसतानाही, एक लांबलचक कण्हले.

ताईने तोंडात पदर कोंबला. ती रडतेय की काय, असं वाटून धाकटीने वळून पाहिलं, तर ताई हसून हसून गदगदत होती आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं.

"उठला गं," ती पुटपुटली. "आपला आपण उठला!"

मग धाकटीच्याही लक्षात आलं. आठवडाभर आजोबांच्या वाटीत काही उरलं नव्हतं. कारस्थानं करायची तर अंगात ताकद हवी!

गुरुवारी हरवलेली बाही आजोबांच्या गादीखाली निघाली. ती टोपलीत पोहोचवायची त्यांची राहून गेली असणार.

"आईची कात्री आठवली का तुला?" धाकटीने साळसूदपणे विचारलं.

"बाहीला टाके घाल," ताई म्हणाली आणि सुईत दोरा ओवण्यात फारच गुंग झाली.

रविवारी निवाऱ्यातल्या बाई आल्या, बूट दाराशी काढून खुर्चीत बसल्या.

"काय, जमतं का दोघांचं?"

"छे हो!" ताई म्हणाली. "आमच्या आजोबांना तो डोळ्यांसमोर नको असतो. दिवसभर त्याला अडकवायच्या खटपटीत असतात."

बाईंचा चेहरा पडला. "मग मी घेऊन जाते त्याला."

"कुणी सांगितलं? हात तर लावून बघा!" ताई एवढ्या जोरात ओरडली की बाईंच्या कपातला चहा हिंदकळला. "तो गेला तर आमचा म्हातारा उठेल कशाला?"

बाईंना नीटसं कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली. धाकटीने रफूला उचलून छातीशी घट्ट धरलं.

निघायची वेळ झाली तर बाईंचा एक बूट जागेवर नव्हता. दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि सवयीने टोपलीकडे गेल्या. टोपली रिकामी होती. रफू बाजूला बसून शेपटी हलवत खिडकीकडे बघत होता.

ताईने आजोबांच्या गादीचा कोपरा उचलला. बूट तिथे होता, ओला आणि टाचेकडून चावलेला. आजोबांनी बुटाकडे पाहिलं. मग रफूकडे पाहिलं. त्यांचा चेहरा अगदी तसाच झाला होता, जसा कात्रीच्या दिवशी नाहक मार खाताना धाकटीचा झाला होता.

मग कुणाच्याही आधाराशिवाय ते उठले, पाय झटकले आणि हिशेब चुकता करायला रफूच्या टोपलीच्या दिशेने निघाले.