किल्ली पुण्याला गेलेली पेटी

मी सूचनापेटी बोलतेय. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात, ऑफिसच्या दाराशेजारी, पाण्याच्या कूलरवर मी टांगलेली आहे. जन्माने पत्र्याची, रंगाने लाल. अंगावर पांढरी अक्षरं : 'सूचना लिहून टाकावी. खाली नाव व तारीख घालावी.'

मला टांगलं त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले. तेव्हाच्या मॅनेजरसाहेबांनी किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली आणि वर्षभरात नोकरी बदलून ते पुण्याला गेले. किल्लीही गेली. पुढची सहा वर्षं मला कुणी उघडलं नाही.

माणसं मात्र टाकत राहिली. चहात साखर वाढवा, पंखा बसवा. एकाने साहेबांचं मिशांसकट चित्र काढून टाकलं. नाव कुणाचंच नाही. सुपारीच्या पुड्यांचे कागदही माझ्याच पोटात.

नाव घालणारी एकच, शरणम्मा. अक्कलकोटकडची, घडी खात्यात अकरा वर्षं काढलेली. घडी घालता घालता तिची बोटं टॉवेलच्या काठावरून फिरायची आणि दोष लागला की थबकायची. माग खात्यात सांगायला गेली की उत्तर ठरलेलं, "अक्का, तुमी घड्या घाला की." मग ती चिठ्ठी लिहायची आणि माझ्याकडे यायची. फार जीव जडला माझा तिच्यावर.

यंदा मार्चमध्ये फळ्यावर नोटीस लागली. तपासणी खात्यात सुपरवायझरची जागा, आपल्याच कामगारांतून भरायची. दहावी पास हवा. अर्ज सूचनापेटीत टाकावेत! नोटीस काढणारे सोमेश साहेब नवे, त्यांना किल्लीची कथा कुठून ठाऊक? बाकीच्यांनी अर्ज सरळ त्यांच्या हातात दिले. शरणम्माने नोटिशीत वाचलं तसं केलं. दोन वर्षांपूर्वी सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून दहावी झाली होती. त्या गुणपत्रिकेची झेरॉक्स जोडलेला अर्ज माझ्या फटीतून आत उतरला आणि मला घाम फुटला. बाई गं, हे काय केलंस!

मुलाखतीच्या दिवशी सगळ्यांची नावं पुकारली, तिचं सोडून. ती ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिली.

"साहेब, माजं नाव न्हाय."

"तुमचा अर्जच आला नाही."

"पेटीत टाकलाय की. नोटिशीत तसंच लिवलंय."

मुलाखतीला आलेला माग खात्यातला युवराज हसला. "अक्का, त्या पेटीतलं आजवर कुणी वाचलंय व्हय?"

सगळे हसले. शरणम्मा हसली नाही आणि हललीही नाही. "मी नियमानं टाकलाय. पेटी उगडा."

सोमेश साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी फिटर मल्लिनाथला हाक मारली. त्याने माझं कुलूप तोडलं आणि मला टेबलावर पालथी केली. पुड्यांचे कागद, मिशांचं चित्र, सगळं चव्हाट्यावर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांना अर्ज सापडला, पण तो शोधताना हातात आलेली एक चिठ्ठी त्यांनी मोठ्याने वाचली. 'चौदा नंबरच्या मागावर डावा काठ सुटतोय. शरणम्मा, घडी खातं, ९ ऑगस्ट.' खाली वर्षही होतं.

त्यांनी परत आलेल्या मालाची फाइल मागवली. त्या ऑगस्टमधला माल दिवाळीत परत आला होता, डावा काठ सुटला म्हणून. दुसरी चिठ्ठी काढली, तिसरी काढली. फाइलमध्ये त्यांचीही जोडी सापडली. चिठ्ठ्या तेवीस निघाल्या. आता कुणी हसत नव्हतं.

"अक्का, हे काम तुम्ही आधीपासूनच करताय."

"करत हुते की, साहेब. कुणी वाचत नव्हतं."

मुलाखती सगळ्यांच्या रीतसर झाल्या. आठव्या दिवशी फळ्यावर शरणम्माचं नाव लागलं आणि पेढे मागायला युवराजच सगळ्यात पुढे होता.

आता मला नवं कुलूप आहे. किल्ली शरणम्माच्या कमरेला असते आणि ती दर शनिवारी मला उघडते. तुमच्याही कारखान्यात, कचेरीत माझी एखादी बहीण भिंतीवर असेल. बाबांनो, तिची किल्ली कुठे आहे तेवढं एकदा विचारा.

पहिल्या शनिवारी माझ्यात एकच चिठ्ठी होती. 'चार नंबरच्या मागावरचा टॉवेल दोन बोटं आखूड निघतोय. महेश्वरी, घडी खातं.' खाली तारीख. शरणम्माने ती दोनदा वाचली आणि तडक चार नंबरकडे निघाली, मला उघडीच टाकून.