सुईबाबांचं क्षमाजल

सुईबाबांच्या दुकानाला दुकान म्हटलेलं चालत नसे. ‘केंद्र’ म्हणायचं. चपला शिवणारा आणि मोबाइलची कव्हरं विकणारा यांच्या मधल्या गाळ्यात हे केंद्र होतं आणि सुट्टीच्या सकाळी तिथे मुंगीला शिरायला वाव नव्हता. कुणाला दंडावर टॅटू हवा होता, कुणाला नाक टोचून घ्यायचं होतं, आणि बऱ्याच जणांना आधी टोचून घेतलेलं आता निस्तरायचं होतं. दारावर पाटी होती: ‘रिकाम्या पोटी यावे. साबण वर्ज्य.’

रांगेत मावशी आपल्या भाचीशेजारी उभी होती. मावशी इस्पितळात जखमांच्या वॉर्डात सिस्टर. चिघळलेलं, सडलेलं, फसफसलेलं असं सगळं पाहून तिचं नाक तयार झालेलं आणि जीभ त्याहून. भाची चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांच्या कानांवर फ्रेमा बसवायची आणि स्वतःचा चष्मा मात्र आज तिने हातात धरला होता, कारण उजव्या कानाचा वरचा भाग टम्म फुगून लालभडक झाला होता. त्या फुगीत सुईबाबांनी घातलेली चांदीची कडी पार रुतून बसली होती, आणि त्यावर पिवळा ‘सुवर्णलेप’ थापलेला होता.

“आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल,” मावशी दहाव्यांदा म्हणाली. “वरचा कान म्हणजे कूर्चा, लवचीक हाड. तिथे पू झाला तर कान आतून गळतो. फुलकोबीसारखा आकसून बसतो मग.”

“तुझं ऐकूनच हे झालंय, मावशी!” भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. “तू म्हणालीस, साबणाने धू. धुतला, तर लेपाचं रक्त झालं! सगळा टॉवेल लाल. बाबांनी बजावलं होतं, साबण लावलास तर कोप होईल. आधी क्षमा मागते, मग तू म्हणशील तिथे येते.”

तो टॉवेल मावशीने पाहिला होता. रक्त वाळलं की तपकिरी पडतं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. टॉवेल मात्र दुसऱ्या दिवशीही लालच होता. मग ते होतं काय?

इतक्यात धप्पकन आवाज झाला. टॅटूसाठी सकाळपासून उपाशी बसलेला एक धिप्पाड जिमवाला पहिली सुई टोचताच खुर्चीतून खाली आला.

“समाधी!” सुईबाबा गरजले. “समाधी लागली याला! कुणी शिवू नका!”

गर्दीने हात जोडले. मावशी मात्र शिवली. तिने त्याचे पाय बाकावर टेकवले, कॉलर सैल केली आणि तो डोळे उघडून उठून बसल्यावर पर्समधला बिस्किटाचा पुडा पुढे केला. समाधिस्थाने पहिलं बिस्किट खाल्लं, दुसरं खाल्लं आणि विचारलं, “अजून आहेत का?”

“उपाशी माणसाला सुई टोचली की तो पडतोच,” मावशी म्हणाली. “पोटभर जेवून आला असता तर देवाची भेट हुकली असती बिचाऱ्याची.”

दोघंतिघं हसले. सुईबाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांच्यापुढे आता एक बसचालक गुडघ्यांवर बसला होता. त्याच्या दंडावरच्या, सुवर्णलेप थापलेल्या नव्या गरुडावर लालभडक ओघळ होते.

“साबण लावलास?”

“चुकलो बाबा. हात ऑइलने माखलेला, म्हणून…”

“शाई नाही ती, साधना आहे माझी! साधनेला साबण? बघ, गरुड रडतोय रक्ताचे अश्रू. आणि हा जो पिवळा द्रव येतोय ना, त्याला डॉक्टर म्हणतो पू. डॉक्टर आंधळा! पाप निघतंय पाप. जितकं जास्त वाहील तितका तू शुद्ध. घे, क्षमा!”

बाबांनी तांब्याच्या लोटीतून क्षमाजल सोडलं आणि बघता बघता लाल ओघळ पिवळेधमक झाले. गर्दीच्या तोंडून ‘आहा’ निघालं. एका आजींनी तर टाळ्याच वाजवल्या. भाचीने मावशीकडे पाहिलं. ‘आता बोल’ असं त्या नजरेत होतं.

मावशीने फक्त पुढे होऊन त्या पाण्याचा वास घेतला. मग “हात धुऊन येते” म्हणत ती सरळ मागच्या पडद्याआड गेली. मोरीजवळ हळदीचा डबा होता. टोपलीत पिळलेल्या लिंबांचा ढीग होता. आणि बेसिनवर एक साबणाची वडी होती, ओली, नुकतीच वापरलेली.

ती वडी घेऊनच मावशी बाहेर आली.

“बाबा, ही कुणाची?”

“ती… फरशीसाठी आहे.”

“चंदनाच्या वासाची? आणि तुमच्या मनगटावरचा तो नवा विंचू. किती छान भरलाय! ना सूज, ना खपली. त्याच्यावर सुवर्णलेप कसा नाही? वर इस्पितळातली पारदर्शक पट्टी लावलीय तुम्ही.”

“आम्ही सिद्ध आहोत. आम्हाला लेप लागत नाही.”

“बरं. मग सिद्धाची खुर्ची तरी बघू.” मावशीने लेपाच्या वाटीत बोट बुडवलं आणि बाबांच्या खुर्चीच्या पांढऱ्या कव्हरवर एक रेघ ओढली. पिवळी. तिच्यावर ओली वडी घासली. रेघ लाल झाली.

गर्दी माना उंचावून बघू लागली.

“अगं बाई,” मावशी म्हणाली, “खुर्चीने काय पाप केलं?”

“पापी लोक बसून जातात तिच्यावर!” बाबा ओरडले, पण आवाज चिरकला.

“असं होय. मग तिलाही क्षमा करू या.” मावशीने लोटी उचलली आणि क्षमाजल ओतलं. रेघ पुन्हा पिवळी झाली. टाळ्या वाजवणाऱ्या आजी पुढे सरकल्या, वाकल्या आणि त्यांनी कव्हर हुंगलं.

“मेल्या, हे तर लिंबू आहे!” आजी कडाडल्या. “आणि लाल कशाने झालं म्हणता? हळद ती! हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे जन्मभर धुणं धुऊन मला माहीत, आणि इथे येऊन मी टाळ्या पिटते!”

मग एकच गलका झाला. बसचालकाने बेसिन गाठलं. जिमवाल्याने उरलेली बिस्किटं खिशात टाकली आणि तो बाबांची वाट अडवून उभा राहिला. बाबा ‘विज्ञानालाही मर्यादा असतात’ असं काहीबाही पुटपुटत होते. लिंबालाही असतात, ते त्या दिवशी कळलं.

भाची एवढंच म्हणाली, “मावशी, रिक्षा बोलाव.”

डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला, औषधं दिली आणि कान वाचला. सगळा नाही. वरची कड किंचित आत मुडपली, ती कायमचीच. अजून एक आठवडा हळद थापत बसली असती तर चष्मा अडकवायलाही काही उरलं नसतं.

या सगळ्यात लबाडी कुठे होती, ते नीट पाहा. हळद साबणाने लाल होणं ही लबाडी नव्हे, तो हळदीचा गुण आहे. लबाडी ही, की जी गोष्ट जखम वाचवते तिचीच या माणसाने भीती घातली, आणि स्वतः मात्र पडद्याआड चंदनाच्या साबणाने हात धुतले. तेव्हा हौस असेल तर खुशाल टोचा, गोंदवा. जेवून जा. सुई तुमच्यासमोर बंद पाकिटातून काढायला लावा. हात धुतल्याखेरीज जखमेला बोट लावू नका, कडी फिरवत बसू नका, खपली खरवडू नका, आणि सूज वाढली की डॉक्टर गाठा. कुणी पुवाला पाप म्हणाला, तर त्याची मोरी आधी तपासा.

भाची आता चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या कानावर फ्रेम बसवते, तेव्हा नव्याने टोचलेला कान दिसला की हटकून विचारते, “काय लावता यावर?” गिऱ्हाईक बिचकतं. मग ती केस मागे सारते आणि आपला मुडपलेला कान पुढे करते.