खोली शिल्लक नाही

मित्रांनो, परसात कोळशाच्या पोत्यावर झाकण म्हणून टाकलेला हा गंजका पत्रा तुम्ही रोज ओलांडून जाता. तो मी. मी पाटी आहे. एके काळी कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका दारावर मी डौलात लटकत होते.

जन्माने मी तेलाचा डबा. एक्क्याण्णव साली केरबा पेंटरने मला कापले, ठोकून सरळ केले आणि पिवळा रंग दिला. एका बाजूला लिहिले, 'खोली भाड्याने देणे आहे'. दुसऱ्या बाजूला, 'खोली शिल्लक नाही'. अक्षर असे वळणदार, की येणारेजाणारे थांबून बघत. मला फार अभिमान वाटे.

माझे मालक गुरुसिद्धअण्णा गुळाचे व्यापारी. खोली बघायला कोणी आले की विचारत, "आडनाव काय, पावणं?" आडनाव पसंत पडले नाही तर म्हणत, "उद्या या." माणूस कोपऱ्यावर वळला की मला उलटे करत. दुसऱ्या दिवशी तो येई, मला वाचे आणि निमूट परत जाई. अण्णांना कधी कुणाला 'नाही' म्हणावे लागले नाही. ते काम माझे.

एका हिवाळ्यात डोल्मा आली. ती तिबेटची. देश सुटल्यावर तिची माणसे कर्नाटकात मुंडगोडला वसली होती. थंडीत ती कोल्हापुरात स्वेटर विके आणि रात्री लेकीला घेऊन बाजारातच गठ्ठ्यांवर झोपे. लेक पेमा, चिमुरडी. तिचा खोकला हटत नव्हता. अंगावर स्वेटर होते, डोक्यावर छप्पर नव्हते.

डोल्माने कन्नडमधून हाक मारली, "अव्वा, खोली मिळंल?"

अण्णांची बायको शांतव्वा हरखलीच. तिचे माहेर सीमेपलीकडचे. "आगं, आमची भाषा बोलतीस की! ये, बस. पण मटण शिजवायचं न्हाय हां."

"न्हाय शिजवणार, अव्वा."

"मग सोमवारी दूध उतू घाल आणि ऱ्हायला ये. भिंतीला तेवढा चुना मारून घे. लई कळकटल्यात."

नव्या घरात शिरताना आमच्याकडे दूध उतू घालतात. डोल्माने पेमाला समजावले, दूध उतू गेले की घर आपले. मग पदर खोचावा तशी तिने बाही वर केली, खोली घासली, चुना मारला. खोली उजळून निघाली.

रविवारी अण्णा परगावाहून आले. "चपट्या नाकाची माणसं माझ्या घरात? पेठ हसंल मला!"

"अहो, मी शब्द दिलाय."

"मग बोलू नगंस. पाटी फिरव."

"आणि तिनं चुना मारलाय त्यो?"

"बरं झालं की! आयती खोली उजळली."

शांतव्वा दारापर्यंत येऊन दोनदा मागे फिरली. तरी तिने मला उलटे केले.

सोमवारी डोल्मा आली. नवे पातेले, दूध, स्टोव्ह, सगळे घेऊन. मला वाचून जागीच थांबली. मग कडी वाजवली. "अव्वा! अव्वा!"

शांतव्वा दारामागेच उभी होती. तिच्या बांगड्या मला ऐकू येत होत्या.

समोरून शेजारीण अंबूबाई ओरडली, "ओ पावणं, पाटी दिसत न्हाय व्हय? खोली गेली की!"

"कुणाला गेली?"

"तुला सोडून कुणालाबी!" गल्ली हसली.

डोल्मा पायरीवर बसली. पेमा भुकेने रडू लागली, म्हणून तिने रस्त्याच्या कडेलाच स्टोव्ह पेटवून दूध ठेवले. पण तिचे डोळे दाराकडे लागलेले. दूध उतू गेले.

पेमाने टाळ्या वाजवल्या. "आमा, उतू गेलं! चल आत!"

गल्ली पुन्हा हसली.

ती खोली थंडी सरेपर्यंत रिकामीच राहिली. पुढे तिथे फ्लॅट झाले. मी भंगारात गेले, तिथून या परसात आले.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवूही नका. दारात आलेल्या माणसाला 'नाही' म्हणायचेच असेल, तर दार उघडा, त्याच्याकडे बघा आणि स्वतःच्या तोंडाने म्हणा. पत्र्याला म्हणायला लावू नका.