साधनाताईंचा हलका पाना

मी एक जुना पाना आहे, असे म्हणायची मला अजून सवय झालेली नाही. मित्रांनो, माझे वय जेमतेम दोन वर्षे. पण माझे काम थांबले आहे, आणि काम थांबलेल्या पान्याला सगळे जुनाच म्हणतात.

माझा जन्म चाकणच्या एका छोट्या कारखान्यात झाला. माझे डोके पोलादाचे, दांडा मात्र कार्बन फायबरचा. केसापेक्षा बारीक काळ्या धाग्यांचे कापड थरावर थर गुंडाळून, त्यात चिकट रेझिन मुरवून, मला भट्टीत भाजले. सलिल नावाच्या इंजिनिअरने मला घडवले. नटावर बसवून मागेपुढे हलवले की मी कटकट करत नट फिरवतो. लोखंडी पानेही तेच करतात. पण माझे वजन त्यांच्या निम्मे.

सलिलने मला दोन महिन्यांच्या चाचणीसाठी पुनावळ्याच्या एका गॅरेजमध्ये नेऊन दिले. कामगारांची ने-आण करणाऱ्या बस तिथे दुरुस्तीला येत. देताना त्याने बजावले, "बॅटरीजवळ हा वापरू नका. प्लास्टिकसारखा दिसतो, पण यातून करंट जातो. आणि दांड्याला पाइप लावून जोर काढायचा नाही."

फोरमन दादासाहेबांनी मला तळहातावर तोलून पाहिले. "ह्यो काय नट सोडवनार, राव? वाऱ्यानं उडून जायाचा!"

सगळे हसले. एकट्या साधनाताई हसल्या नाहीत. त्यांनी मला उचलले, हात डोक्यावर नेला आणि तसाच धरून ठेवला.

एकोणीस वर्षे त्या मेकॅनिक होत्या. बसखालच्या खड्ड्यात उभे राहून, हात वर करून नट सोडवायचे, हे त्यांचे रोजचे काम. त्यामुळे उजवा खांदा धरला होता. दादासाहेब काळजीनेच म्हणाले होते, "ताई, पुढल्या महिन्यापासनं स्टोअरमधी बसा." साधनाताईंना ते नको होते. गाडीचा नुसता आवाज ऐकून दुखणे ओळखणारी बाई स्टोअरमध्ये खोकी काय मोजणार?

मग आमची जोडी जमली. दिवसाला साठ-सत्तर नट आम्ही सोडवायचो. संध्याकाळी खड्ड्यातून वर आल्यावर त्यांना केस नीट करायला हात वर नेता येऊ लागला, याचा मला फार अभिमान वाटे. दादासाहेबही आता मला हसत नव्हते. "बेणं कामाचं हाय," असे ते एकदा पुटपुटले.

चाचणी संपायच्या आदल्या दिवशी एक बस अडली. दुपारच्या शिफ्टचे कामगार तिच्यासाठी खोळंबले होते. सायलेन्सरजवळचा एक नट गंजून घट्ट बसला होता आणि लांब लोखंडी दांडा दुसऱ्या गाडीवर होता. साधनाताईंनी इकडेतिकडे पाहिले, माझ्या दांड्यावर पाइप सरकवला आणि त्याला लटकल्या.

नट सुटला. पण माझ्या आत 'कर्र' असे काहीतरी उसवले. वरून साधा ओरखडाही नव्हता. तो आवाज फक्त त्यांनी ऐकला. बस वेळेवर गेली, आणि त्या मला हातात धरून बराच वेळ खड्ड्यातच उभ्या राहिल्या. बोलल्या तर चाचणी फसणार, मी परत जाणार आणि त्या स्टोअरमध्ये.

दुसऱ्या दिवशी सलिल आला. दादासाहेब उत्साहात होते. "थांबा साहेब, दाखिवतोच तुमाला," म्हणत ते खड्ड्यात उतरले आणि मला नटावर चढवून जोर लावणार, इतक्यात साधनाताई ओरडल्या, "दादासाहेब, हात काढा! तो आतून तुटलाय."

दादासाहेबांनी मला नटावरून काढले.

"काल मी पाइप लावला होता. चूक माझी आहे, पान्याची नाही. पण तो तुमच्या हातात मोडला असता तर तोंडावरच आला असता."

सलिलने खिशातून नाणे काढले आणि माझ्या दांड्यावर वाजवत नेले. टण, टण, टण... आणि मध्येच एके ठिकाणी 'थड'. थर तिथे सुटले होते. तो हळूच म्हणाला, "आता हा वापरता येणार नाही."

साधनाताईंनी मान खाली घातली. "उद्यापासून स्टोअरमध्ये बसते."

"कशापायी?" दादासाहेब म्हणाले. "ल्ह्या साहेब तुमच्या कागदावर. हात वर करून करायच्या कामाला ह्यो पाना चांगला. गंजलेल्या नटाला आमचा लोखंडी दांडाच बरा. आन दोन नवीन द्या."

"दोन?"

दादासाहेबांनी नजर चुकवली. "माझाबी खांदा दुखतोय वरसभर. कुनाला बोललो न्हाई."

साधनाताई आधी हसल्या, मग त्यांनी डोळे पुसले.

मला सलिलने उभे चिरून आतले सुटलेले थर सगळ्यांना दाखवले. माझा अर्धा भाग आता खड्ड्याजवळच्या फळीवर असतो. शनिवारी हत्यारे पुसताना साधनाताई मलाही पुसतात, कामाचा नसलो तरी.

मित्रांनो, आम्हा हत्यारांना ज्याचे त्याचे काम द्या. आणि चुकून जास्त जोर पडला, आतून वेगळा आवाज आला, तर तेव्हाच सांगून टाका. आम्हाला बोलता येत नाही. आमच्या वतीने तुम्हालाच बोलावे लागते.