पिंपातली धुरी

शरिफाला त्या पिंपांची पहिल्यापासूनच किळस होती.

मुंबई-गोवा रस्त्याचं डांबर ओतून झालं, तशी रिकामी पिंपं महाडपासून पार पोलादपूरपर्यंत रस्त्याच्या कडेला लोळत पडली. कुणी त्यांत पाणी साठवलं, कुणी ती फाडून गोठ्यावर पत्रे घातले. शरिफाच्या नवऱ्यानं, जलीलनं, त्यांतली दोन बैलगाडीत घालून घरी आणली आणि परसात शेवग्याच्या बुंध्याशी आडवी टाकली. त्या दिवशी शरिफा जी नाकाला ओढणी लावून आत गेली, ती संध्याकाळपर्यंत मागच्या दारी आली नाही.

जलीलचं अर्धं आयुष्य बोटींवर गेलं होतं. भंडारखान्यात, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, कांदे सोलण्यापासून सुरुवात करून तो मोठा भंडारी झाला, कप्तानाच्या टेबलावर त्याच्या हातचं जेवण जाऊ लागलं. मग एका वर्षी अचानक ट्रंक घेऊन घरी आला आणि म्हणाला, "बस झाला दर्या. आता घरीच." शरिफाला बरंच वाटलं होतं. पण घरी बसून जलीलला करमेना. सावित्रीच्या खाडीत पाऊस सरल्यावर ढीगभर मासळी येते आणि दुपारपर्यंत निम्मी सडून जाते, हे त्याच्या डोळ्यांत खुपू लागलं. थंड मुलखातल्या बंदरांवर त्यानं धुरावर भाजून टिकवलेले मासे आणि मटण पाहिलं होतं. आग एका डब्यात, माल शेजारच्या डब्यात; ज्वाळ लागू द्यायची नाही, नुसती ऊब आणि धूर तेवढा आत जाऊ द्यायचा. तसली भट्टी परसात करायची, असं त्यानं मनावर घेतलं.

नाते गावचा महिपती लोहार त्याच्या ओळखीचा. त्यानं एक पिंप मधोमध कापून अर्धं केलं, अख्ख्या पिंपाच्या एका टोकाला ते जोडलं, दुसऱ्या टोकाला वरच्या अंगाला धुरासाठी नळकांडं बसवलं, आणि पोटात लोखंडी जाळी टाकली. आग अर्ध्यात, मासे अख्ख्यात.

पहिली आग लावली आणि आत चिकटून राहिलेलं डांबर पेटलं. काळाकुट्ट धूर आळीभर पसरला. शेजारणीनं वाळत घातलेली दुपटी काळ्या ठिपक्यांनी भरली आणि ती भिंतीवरून शरिफाला बोल बोल बोलली. जलीलनं पिंप पुन्हा पुन्हा जाळलं, वाळूनं घासलं. मग त्यात मासे ठेवले.

आगीकडचे मासे जळून कोळसा झाले. नळकांड्याकडच्या माशांचे डोळेसुद्धा ओले होते. मधले चार बरे निघाले, तेवढे जलील ताटलीत घालून घेऊन आला.

"खा गो, शरिफा. बोटीवर ह्याच्यासाठी साहेब लोक भांडायचे."

"तुमीच खावा."

"वास तर बघ कसा सुटलाय!"

वास सुटला होता खरा. सांध्यांतून माशांचं तेल गळून जमिनीवर चिकट काळा ओघळ धरला होता. त्याला मुंग्या लागल्या, मग मांजरं आली, मग हिरव्या माशा. धूर उशांत शिरला, केसांत शिरला, पेजेच्या भांड्यात शिरला. शरिफा दोनदा केस धुवायची आणि तरी झोपताना तिला वाटायचं, आपण त्या जाळीवरच पडलोय. जलील मात्र त्या ओघळात उकिडवा बसून खुशाल चहा प्यायचा. एवढा टापटिपीचा माणूस, कप्तानाच्या टेबलावर पांढरे हातरुमाल घड्या घालून मांडणारा, तो ह्या घाणीत बसतो तरी कसा, हे तिला कळत नव्हतं.

तेवढ्यात पोलादपूरहून जलीलची धाकटी बहीण मासूमा आली. तिच्या सईदचं लग्न ठरलं होतं. जलीलची कळी खुलली.

"तुज्या पोराच्या जेवणात मी असलं मटण वाढीन, मासूमा, पोलादपूर-महाडात कुणी चाखलं नसल."

"भाय, माज्या दारात शोभा झाली पायजे हां," मासूमा म्हणाली. तिचा भावावर फार विश्वास. बोटीवरचा भंडारी म्हणून ती सासरी नेहमी त्याचं नाव सांगायची.

लग्न जवळ आलं तसं जलीलनं बोकडाच्या तंगड्या आणल्या, मीठ-मसाला चोळला आणि पिंपात ओळीनं टांगल्या. पाऊस संपून ऊन तापलं होतं, हवा दमट, अंगाला कपडा चिकटत होता. पहिल्या दिवशी धुराचा वास आला. दुसऱ्या दिवशी शरिफा विहिरीवरून घागर घेऊन येत होती आणि परसाच्या कुडाशीच थबकली.

हा धूर नव्हता. धुराच्या पोटातून दुसरंच काहीतरी येत होतं. गोडसर, आंबूस, घशाला चिकटणारं. उंदीर छपरात मरून पडला की तिसऱ्या दिवशी वास येतो, तसं.

"अवो, मटण बिघडलंय," तिनं लांबूनच सांगितलं.

जलीलनं झाकण उचललं. तोंड आत घातलं, छाती भरून श्वास घेतला आणि हसत मान वर केली. "वा! तुला धुराची सवय नाय म्हणून तसं वाटतं. असाच वास येतो ह्याला."

शरिफाला दहा हातांवर उभं राहून उमासा येत होता. ती घागर तशीच ठेवून आत पळाली आणि मोरीत ओकली. आपलंच काही चुकतंय का, असंही तिला क्षणभर वाटलं. शेवटी तो भंडारी, आपण घरात रांधणारी बाई.

तिसऱ्या दिवशी सकाळी मासूमा मटण न्यायला आली. सोबत मोठी पातेली आणि झाकायला केळीची पानं. एस.टी. सुटायला अजून अवकाश होता. जलील एकेक तंगडी काढून पानावर ठेवू लागला. वरून दिसायला छान, तांबूस काळी, चकचकीत. मासूमा जरा मागे सरकली, नाकाशी ओढणी नेली, पण भावाकडे बघून काही बोलली नाही. ह्या पातेल्यातलं लग्नाच्या पंगतीत जाणार, म्हातारे खाणार, लेकरं खाणार, हे शरिफाच्या डोळ्यांपुढे आलं. तिनं सुरी आणली आणि नळकांड्याकडची तंगडी हाडापर्यंत चिरली.

आत हाडालगत हिरवट चिकटा होता आणि त्या चिकट्यात पांढरं पांढरं काही वळवळत होतं.

मासूमा शेवग्याला धरून ओकली. डोळे पुसत ती म्हणाली, "भाय... हे माज्या पोराच्या लग्नात वाढायला निघालावतास?"

जलील वाकून बघत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. "दिसतंय खरं... पण वास तर..."

त्या एका शब्दावर तो थांबला आणि शरिफाच्या डोक्यात लख्ख झालं.

"डोळे मिटा," ती म्हणाली.

"काय?"

"डोळे मिटा, म्हणते ना."

त्यानं मिटले. शरिफानं मोरीच्या कडेचा पुदिना खुडला, बोटांत चुरला आणि त्याच्या नाकाशी धरला. मग तो बाजूला करून, स्वतःचा श्वास कोंडून, तिनं सडक्या मांसाचा तुकडा उचलला. तो तिच्या बोटांत लिबलिबला. तोही तिनं त्याच्या नाकाशी नेला.

"सांगा, मटण कंचं आन् पुदिना कंचा?"

जलीलच्या नाकपुड्या हलल्या. त्यानं पुन्हा एकदा श्वास ओढला. मग चाचरत म्हणाला, "पयलं मटण... आन् हा पुदिना."

मासूमानं तोंडावर हात घेतला. शरिफानं तुकडा फेकून दिला आणि राखेनं हात घासत बसली. घासता घासता कातडी लाल झाली.

मग जलीलनं सांगितलं. बोटीवरच्या थंड खोलीत गॅसची नळी फुटली, तेव्हा तो आत मटण काढायला गेला होता. बाहेर ओढून काढला, जगला, पण नाक गेलं. महिनाभर त्यानं अंदाजानं रांधलं. एकदा नासलेलं दूध खिरीत गेलं, खलाशी आजारी पडले, आणि पुढच्या बंदरात त्याला उतरवून दिलं.

"वास न येणारा भंडारी म्हंजे काय गो? आंधळा सुकाणू धरतो का कुठं? कुणाला काय सांगू?"

"कुणाला नका सांगू. मला तर सांगायचंत."



शरिफाला आठवत होतं ते वेगळंच. घरी आल्यापासून रोज दुपारी हा माणूस चुलीपाशी यायचा, झाकण उचलायचा आणि म्हणायचा, "काय वास सुटलाय गो, आळीत कुणाच्या चुलीला असा वास नाय." ती लाजायची. उद्या काय रांधावं ह्याचा आदल्या दिवशीपासून विचार करायची. ते सगळं तोंडदेखलं होतं. तिला त्या अळ्यांची जेवढी शिसारी आली नव्हती, तेवढी ह्या गोष्टीची आली.

मटण तिनं खड्ड्यात पुरलं, वर चुना टाकला. सईदचं लग्न पोलादपुरात ताजा बोकड कापून पार पडलं. जलील मांडवात कोपऱ्यात बसला, पुढ्यात आलं ते खाल्लं. "जलीलभाय, जेवण कसं झालंय, तुमी सांगा," असं कुणी विचारलं की मान हलवायचा.

लग्नाहून परतल्यावर तो ओट्यावर बसून राहू लागला. दाढी वाढली. पिंपांत तेल थिजून त्यावर बुरशी चढली होती. शरिफा त्याच्याशी कामापुरतं बोलायची. पण असं बसून राहिलेलं माणूसही तिच्याच्यानं बघवेना. तिला त्याचा राग येत होता, आणि त्याच्या मळक्या बनियनचाही.

एक दिवस ती समोर येऊन उभी राहिली. "ते पिंप ठेवायचं असल तर नीट करा. नायतर भंगारात घाला. मदल्यामध्ये घाण ठेवायची नाय माज्या दारात."

"नीट करून काय? मला काय कळणार, आत काय सडतंय?"

"का सडतंय? एका टोकाला आच जाते, दुसऱ्या टोकाला जात नाय म्हणून. ते बघायला नाक कशाला? डोळे हायेत ना?"

जलीलनं वर बघितलं. कितीतरी दिवसांनी त्याच्या डोळ्यांत काही हललं.

महिपतीला बोलावणं गेलं. त्यानं पिंपाभोवती फेरी मारली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "आग वाढवा, जलीलभाय. लांबपर्यंत जाईल."

"आग वाढवली तर हिकडचं राख होईल," जलील म्हणाला.

शरिफानं तांदळाचं पीठ भिजवलं, त्याच्या चपट्या टिकल्या थापल्या आणि जाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडल्या. मटण वाया घालवायची तिची तयारी नव्हती. आग लावली, झाकण घातलं. उघडलं तेव्हा आगीकडच्या टिकल्या काळ्या, मधल्या तांबूस आणि नळकांड्याखालच्या पांढऱ्याफेक.

जलील त्या टिकल्यांकडे बघत राहिला. मग बोटानं हवेत रेघ ओढत म्हणाला, "ऊब आत शिरते ती सरळ वर चढते नि वरूनच नळकांड्यातनं पळते. खाली मालाला लागतच नाय. बोटीच्या बॉयलरचं असंच असतं."

महिपतीनं नळकांडं वरून काढलं आणि खाली, जाळीच्या पातळीला बसवलं. आगीच्या तोंडापासून आत, जाळीच्या खाली, एक जाड पत्रा सरकवला आणि त्याला सारखी भोकं पाडली, म्हणजे ऊब एका जागी न फुटता पत्र्याखालून पुढे जाईल. पुन्हा टिकल्या मांडल्या. काळं पडणं कमी झालं, पण शेवटची ओळ अजून फिकीच होती. जलीलनं पत्रा बाहेर काढायला लावला. आगीजवळची भोकं बुजवून बारीक केली, लांबची मोठी केली. महिपती घामानं निथळत कुरकुरला, "पत्र्याची चाळण करता काय?" पण त्यानं केलं.

त्या खेपेला झाकण उघडलं आणि तिघंही वाकून बघू लागले. टिकल्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रंगाच्या होत्या. महिपतीनं एक उचलून तोंडात टाकली आणि लगेच थुंकली.

"डांबार लागतंय वो, भाबी!"

"मग घासा," शरिफा म्हणाली.

जलीलनं घासलं. तेल गळायच्या सांध्यांना महिपतीनं पट्ट्या मारल्या, खाली डबा लावला, ओघळ बंद झाला. मग मासे ठेवले. झाकण उघडायच्या आधी जलीलनं शरिफाला हाक मारली. ती नाक मुरडत आली, ओढणी बाजूला केली आणि वाकली. धूर, मीठ, माशाचं तेल. सडका वास कुठंच नव्हता. पण तिला तो आवडलाही नाही.

"बरं हाय," ती म्हणाली. "घाण हाय, पण बरं हाय."

जलील हसला नाही. त्यानं प्रत्येक ओळीतला एकेक मासा काट्यापर्यंत मोडून डोळ्यांनी बघितला आणि तरीही प्रत्येक तिच्या नाकाशी धरला. तिनं प्रत्येकाला मान हलवली. त्यानंतर दर खेपेला असंच होऊ लागलं. तो मोडायचा, ती हुंगायची, आणि तिनं मान हलवल्यावाचून एकही मासा परसाबाहेर जायचा नाही. चुलीपाशी येऊन झाकण उचलणं त्यानं सोडलं. आता जेवताना तो विचारायचा, "आज काय घातलंस गो?" आणि ती सांगायची. कधी तुटकपणे, कधी सविस्तर.

थंडीत मासूमा सुनेला घेऊन आली. सुरुवातीला तिनं ताटलीला हात लावला नाही. शरिफानं तिच्यासमोर एक मासा मोडला, हुंगला आणि पुढे सरकवला. मासूमानं कोपरा तोडून खाल्ला, मग अख्खा खाल्ला, मग सुनेलाही दिला.

"भाबी, पोलादपूरला न्यायला देशील काय?"

"ने की, पायजे तेवढे," शरिफा हात राखेनं घासत म्हणाली. "पन भांडं तुजं आण. माज्या घरातलं एकबी भांडं मी त्याला लावू द्यायची नाय."

मासूमा सुनेकडे बघून हसली. शरिफा हसली नाही. तिनं हात नाकाशी नेऊन बघितले आणि पुन्हा राखेचा डबा ओढला.